शंभराव्या ठोकळ्यालाही चालणारं यंत्र

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये बनलेली बहुतेक स्वयंचलित यंत्रं पहिल्या तीन फेऱ्यांत झकास चालतात. चौथ्या फेरीला वस्तू जरा तिरकी येते, दांडा तिला नुसता घासून जातो, वस्तू पट्ट्यावरून पुढे निघून जाते आणि यंत्र काहीच न घडल्याच्या थाटात पुढच्या वस्तूची वाट बघत राहतं. डिस्प्लेवरचा आकडा मात्र एकनं वाढलेला असतो. एखादी वस्तू चुकणं समजण्यासारखं आहे. पण ती चुकली हेच यंत्राला कळत नसेल, तर त्याला मोटर लावलेलं खेळणं म्हणावं लागेल.

इथे उदाहरणाला एकच यंत्र घेतो: रंगानुसार ठोकळे वेगळे करणारा छोटा कन्व्हेयर. विषय जुना आहे, हजारदा झालेला आहे, म्हणून नाक मुरडू नका. यांत्रिक भाग, सेन्सर, वीज आणि प्रोग्रॅम हे चारही यात आहेत, आणि चारांपैकी कुणाचीही चूक लपून राहत नाही.

आधी एक पान लिहा

सुटे भाग मागवायच्या आधी यंत्रानं काय करायचं ते एका पानावर आकड्यांत लिहा. "रंगानुसार वर्गीकरण करणे" याला काही अर्थ नाही. असं लिहा: ३० मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे, प्रत्येकी जास्तीत जास्त ५० ग्रॅम, मिनिटाला २०, लाल पहिल्या खोक्यात, हिरवे दुसऱ्या खोक्यात, बाकी सगळं पट्ट्याच्या टोकाला. ठोकळा हातानं ठेवला जाईल, म्हणजे तो तिरका असू शकतो आणि दोन ठोकळे चिकटूनही येऊ शकतात. अडकला तर पट्टा थांबेल आणि कुठे अडकलं ते दिसेल. वीज जाऊन आली तर यंत्र आपोआप सुरू होणार नाही.

शेवटच्या तीन वाक्यांतच निम्मं डिझाइन आहे, आणि नेमकी तीच वाक्यं बहुतेक रिपोर्टमध्ये नसतात.

पट्टा, रूळ आणि टेपचे चार वेढे

रुळाचा व्यास ४० मिलिमीटर धरला तर परिघ १२६ मिलिमीटर. मोटर मिनिटाला ३० फेरे मारत असेल तर पट्टा सेकंदाला साधारण ६३ मिलिमीटर सरकतो. मिनिटाला २० ठोकळे म्हणजे दर ३ सेकंदांनी एक, म्हणून दोन ठोकळ्यांच्या मध्यांत सुमारे १९० मिलिमीटर अंतर पडेल. हे तीन आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावर बेतलेलं आहे.

मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, असा काढा. पट्टा आणि त्यावरचे ठोकळे मिळून १ किलो धरू. पट्टा ज्या फळीवरून घसरतो तिथलं घर्षण ०.४ धरलं तर ओढायला सुमारे ३.९ न्यूटन लागतात. रुळाची त्रिज्या २० मिलिमीटर, म्हणून टॉर्क ०.०७८ न्यूटन-मीटर, म्हणजे जवळपास ०.८ किलो-सेंटिमीटर. पट्ट्याचा ताण आणि बेअरिंगचं घर्षण यांसाठी दुप्पट, सुरुवातीच्या झटक्यासाठी आणखी दुप्पट. हिशोब ३.२ वर येतो, तर ४ ते ५ किलो-सेंटिमीटरची गिअर मोटर घ्या. मात्र हा आकडा रेटेड टॉर्कचा, म्हणजे मोटर सलग पेलू शकते त्या जोराचा आहे. जाहिरातीत ठळक छापलेला असतो तो स्टॉल टॉर्क, म्हणजे मोटर जागच्या जागी अडकून गरम होत असतानाचा. सलग चालायचं असेल तर त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नका.

पट्टा एका बाजूला सरकणं हे या यंत्राचं सगळ्यात छळणारं दुखणं. मुलं बाजूला पट्ट्या ठोकून पट्ट्याला अडवायला बघतात. पट्टा त्यांच्यावर घासतो, कडा उसवतात आणि मोटरवर फुकटचा भार येतो. खरा उपाय रुळात आहे. सपाट पट्टा नेहमी रुळाच्या जाड भागाकडे चढतो, म्हणून रूळ मधोमध किंचित फुगीर हवा. लेथवर तसा रूळ बनवणं जमत नसेल तर रुळाच्या मधल्या एक तृतीयांश भागावर इलेक्ट्रिकल टेपचे चार वेढे घट्ट बसवा. टेप साधारण ०.१३ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे व्यास मधोमध सुमारे १ मिलिमीटरनं वाढतो. एवढ्यानं पट्टा मध्यावर येऊन बसतो.

त्याआधी दोन्ही रूळ समांतर करून घ्या. शेवटच्या रुळाच्या दोन्ही टोकांना ताण देणारे स्वतंत्र बोल्ट असू द्या. पट्टा डावीकडे सरकत असेल तर डावा बोल्ट पाव फेरा कसायचा, उजवीकडे सरकत असेल तर उजवा. कसून झालं की थांबायचं. रुळांमधलं अंतर ६०० मिलिमीटर असेल तर पूर्ण पट्टा सुमारे १३२५ मिलिमीटरचा होतो आणि त्याला एक फेरी मारायला २१ सेकंद लागतात. पाच फेऱ्या होऊ द्या, म्हणजे पावणेदोन मिनिटं. इतका धीर कुणाला नसतो, म्हणून बोल्ट डावा-उजवा कसत अर्धी दुपार जाते आणि पट्टा होता तिथेच राहतो.

पट्ट्याचा जोड सरळ आडवा न कापता ४५ अंशांत तिरका कापा. आडवा जोड रुळावर एकदम येतो आणि दर फेरीला पट्टा झटका खातो. रंग काळा, पृष्ठभाग मंद. चकचकीत पट्ट्यावरचं प्रतिबिंब रंगाच्या सेन्सरला फसवतं.

मोटरचा शाफ्ट डी आकाराचा असेल तर कपलरचा (मोटर आणि रूळ जोडणाऱ्या भागाचा) ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला छोटा स्क्रू, सपाट बाजूवरच यायला हवा. गोल बाजूवर कितीही आवळला तरी तासाभरात सुटतो. मग मोटर फिरते, रूळ उभा, आणि तिकडे कुणीतरी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलेलं असतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. थ्रीडी प्रिंट केलेल्या भागांबद्दलही थोडं: पीएलए हे प्रिंटचं नेहमीचं प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, आणि भाराखाली सलग चालणाऱ्या मोटरचं अंग तितकं सहज तापतं. मोटरचा माउंट ॲल्युमिनिअमचा किंवा निदान पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा करा. प्रिंटमधली भोकं आकसून येतात. ३ मिलिमीटरच्या बोल्टसाठी चित्रात ३.३ चं भोक ठेवा.

ढकलायचं की वळवायचं

ठोकळा पट्ट्यावरून बाजूला काढायला सर्व्होवर, म्हणजे सांगितलेल्या कोनाला वळून थांबणाऱ्या मोटरवर, दांडा लावून फटका मारायचा, ही पहिली कल्पना सगळ्यांच्याच डोक्यात येते. दिसायला मजेशीर आहे, पण वेळ जराशी चुकली की दांडा ठोकळ्याच्या कोपऱ्यावर बसतो आणि ठोकळा गिरकी घेऊन भलतीकडे जातो. त्यापेक्षा दांड्याला फाटक बनवा. ठोकळा यायच्या आधीच तो पट्ट्यावर तिरका, पट्ट्याच्या दिशेशी ३० ते ४५ अंशांत येऊन थांबतो. ठोकळ्याला पट्टाच पुढे रेटतो आणि तो दांड्याच्या कडेनं घसरत खोक्यात पडतो. कोन ६० च्या वर गेला की ठोकळा दांड्याला टेकून तिथेच राहतो आणि पट्टा त्याच्याखालून घसरत राहतो. दांड्याच्या तोंडाला गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी चिकटवलीत तर फरक लगेच दिसेल.

एमजी९९६आर जातीचा सर्व्हो बिनभारात ६० अंश फिरायला ४.८ व्होल्टवर ०.१७ सेकंद घेतो. भार धरून पाव सेकंद समजा. तेवढ्यात पट्टा १६ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणून ठोकळा फाटकापासून ४० मिलिमीटरवर असतानाच फाटक आडवं यायला सुरुवात व्हावी.

ठोकळा दिसला म्हणजे नेमकं काय दिसलं

ठोकळा आला हे ओळखायला परावर्तनावर चालणारा आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर लावू नका. काळ्या किंवा गडद ठोकळ्यावरून किरण परततच नाहीत आणि यंत्राच्या दृष्टीनं ठोकळा आलाच नाही. एका बाजूला एलईडी, समोर रिसीव्हर आणि मधला किरण तुटला की ठोकळा आला, अशी जोडी लावा. तिला रंगाशी काही देणंघेणं नाही. उंची पट्ट्यापासून १२ ते १५ मिलिमीटर. खिडकीतलं ऊन थेट रिसीव्हरवर पडलं तर तो आंधळा होतो, म्हणून त्याला दोन-तीन सेंटिमीटर लांबीची काळी नळी घाला.

या किरणाकडून आणखी एक काम फुकटात होतं. ३० मिलिमीटरचा ठोकळा किरणाला ०.४८ सेकंद अडवतो. किरण ०.७५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ तुटलेला राहिला तर दोन ठोकळे चिकटून आलेत असं समजायचं आणि त्यांना न वळवता टोकाच्या खोक्यात जाऊ द्यायचं. ०.७५ यासाठी की ठोकळा अगदी कोपऱ्यावर वळून आला तर त्याचा कर्ण ४२ मिलिमीटर भरतो आणि किरण ०.६७ सेकंद तुटतो.

रंगासाठी टीसीएस३४७२५ हा सेन्सर चांगला. ठोकळ्यापासून १० ते १५ मिलिमीटर उंचीवर, काळ्या डबीत बंद, त्याच्या स्वतःच्या एलईडीच्या उजेडात. इथे एक छोटी गोष्ट बघण्यासारखी आहे. दिव्यांचा प्रकाश वीजपुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेनं लुकलुकतो: ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, ६० वर १२०. सेन्सरचा इंटिग्रेशन टाइम, म्हणजे एका वाचनासाठी प्रकाश गोळा करायचा वेळ, ५० मिलिसेकंद ठेवला तर त्यात बरोबर ५ किंवा ६ पूर्ण लुकलुकी बसतात आणि त्यांचा परिणाम आपोआप पुसला जातो. २४ मिलिसेकंद ठेवले तर अडीच-तीनच्या आसपास अर्धवट काहीतरी बसतं आणि तोच ठोकळा दर वेळी वेगळे आकडे दाखवतो. डबी पूर्ण बंद असेल तर प्रश्नच येत नाही, पण पट्टा आत-बाहेर जायला फट लागतेच.

ठोकळ्याचा मधला १५ मिलिमीटरचा भाग सेन्सरखालून जायला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ४ वाचनं मिळतात. कडेची वाचनं टाकून द्या, त्यांत पट्ट्याचा काळा रंग मिसळलेला असतो. आणि लाल, हिरवा, निळा यांचे नुसते आकडे तुलनेला घेऊ नका. प्रत्येकाला एकूण प्रकाशाच्या आकड्यानं भागा आणि गुणोत्तरं वापरा. ठोकळ्याची उंची दोन मिलिमीटरनं बदलली तरी आकडे खूप हलतात, गुणोत्तरं फारशी हलत नाहीत.

सेकंद मोजू नका, पट्टा मोजा

सेन्सरपासून पहिलं फाटक १५० मिलिमीटरवर, दुसरं ३०० वर. ६३ मिलिमीटर सेकंदाला, म्हणजे दुसऱ्या फाटकापर्यंत ४.८ सेकंद. मग प्रोग्रॅममध्ये ४.८ सेकंद थांबा असं लिहिलं जातं, आणि तिथेच दोन चुका एकदम होतात.

पहिली चूक अशी की वेग ठरलेला नसतो. मोटरला १२ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले तर वेग साधारण ८ टक्क्यांनी उतरतो, आणि ३०० मिलिमीटरच्या प्रवासात ठोकळा २४ मिलिमीटर मागे पडतो. ठोकळाच ३० चा आहे. उपाय म्हणजे पट्टा किती सरकला ते थेट मोजायचं. २० खाचांची चकती आणि खाचेचा ऑप्टिकल सेन्सर पुरतो. चकती मोटरकडच्या रुळावर न लावता दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या रुळावर लावा. मोकळा रूळ फिरतो तो पट्ट्यामुळेच. पट्टा मोटरच्या रुळावर घसरला तरी मोकळा रूळ खरं सांगतो. खाचेच्या दोन्ही कडा मोजल्या तर एका फेऱ्यात ४० स्पंद, म्हणजे दर ३.१४ मिलिमीटरला एक. पहिलं फाटक ४८ स्पंदांवर, दुसरं ९५ वर. आता मोटर हळू चालो की जोरात, ठोकळा योग्य जागी आला की फाटक हलतं.

वर आणखी एक फायदा. नेहमीच्या वेगात दर ५० मिलिसेकंदांना एक स्पंद यायला हवा. मोटर चालू आहे आणि अर्धा सेकंद एकही स्पंद नाही, तर पट्टा अडकला किंवा घसरतोय. लगेच थांबा.

दुसरी चूक प्रोग्रॅममधली. रंग साठवायला एकच व्हेरिएबल असतो. पहिला ठोकळा दुसऱ्या फाटकापर्यंत पोचायच्या आत दुसरा ठोकळा सेन्सरखाली येतो, व्हेरिएबलवर नवा रंग लिहिला जातो आणि हिरवा ठोकळा लाल समजून सोडला जातो. एक-एक ठोकळा टाकून तपासलं तर ही चूक जन्मात दिसणार नाही. सलग ठोकळे टाकले की दिसते. इथे रांग लागते. प्रत्येक ठोकळ्याची एक नोंद: रंग, आणि तो सेन्सरखाली असताना स्पंदांचा आकडा किती होता. आठ जागांची रांग भरपूर झाली. प्रत्येक फेरीत रांगेतल्या प्रत्येक नोंदीसाठी आताचा आकडा वजा तेव्हाचा आकडा काढायचा, आणि ज्याची वेळ आली त्याचं फाटक हलवायचं.

वीज

कंट्रोलर मधूनच रीसेट होतो, सर्व्हो थरथरतो, डिस्प्लेवर कचरा दिसतो: या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच असतं. सर्व्होला वीज कंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या पिनवरून दिलेली असते. एमजी९९६आर अडकला तर ६ व्होल्टवर २.५ अँपिअरपर्यंत ओढतो. यूएसबीवरून आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाला मिळतात ५०० मिलिअँपिअर. बाहेरून १२ व्होल्ट दिले तरी बोर्डावरचा रेग्युलेटर ७ व्होल्ट उष्णतेत घालवतो; नुसते २०० मिलिअँपिअर ओढले तरी १.४ वॅट, बोट ठेववत नाही इतका तापतो.

म्हणून १२ व्होल्टचा ८.५ अँपिअरचा पुरवठा घ्या आणि त्यातून तीन वाटा काढा. एक थेट पट्ट्याच्या मोटरला. दुसरी ५ अँपिअर झेपणाऱ्या बक कन्व्हर्टरमधून (व्होल्ट उतरवणाऱ्या बोर्डातून) ६ व्होल्ट करून सर्व्होंना, आणि सर्व्होंच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तिसरी वेगळ्या छोट्या बकमधून ५ व्होल्ट करून कंट्रोलर आणि सेन्सरना. एलएम२५९६ च्या बक बोर्डावर ३ अँपिअर छापलेलं असतं, पण २ च्या वर तो फार तापतो. बकचं आउटपुट मल्टिमीटरनं ६ वर लावा आणि मगच सर्व्हो जोडा. नवा बोर्ड हाती येतो तेव्हा त्याचा स्क्रू कुठे फिरलेला असेल याचा नेम नसतो आणि १२ व्होल्ट गेले की सर्व्होचा धूर निघतो. तिन्ही वाटांचे ग्राउंड पुरवठ्याजवळ एकाच बिंदूत जोडा. ग्राउंड वेगळे राहिले तर सिग्नलला संदर्भच उरत नाही. एकाचा ग्राउंड दुसऱ्याच्या वायरमधून नेला तर मोटरचा करंट सेन्सरच्या ग्राउंडमध्ये घुसतो.

पट्टा एकाच दिशेनं फिरतो, मग मोटर दोन्ही दिशांना फिरवणारा एल२९८एन ड्रायव्हर हवाच कशाला? जुना बायपोलर ड्रायव्हर आहे, १ अँपिअरला २ व्होल्टच्या आसपास खातो. मोटरला १० च मिळतात. त्याऐवजी एक आयआरएलझेड४४एन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), त्याच्या गेटपासून, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या पायापासून, ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि मोटरवर उलटा १एन५८२२ डायोड. नाव वाचताना मधला एल बघा. आयआरएफझेड४४एन ५ व्होल्टच्या गेटवर पूर्ण उघडत नाही आणि चटका बसेल इतका तापतो. मोटरच्या दोन टर्मिनलमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर मोटरवरच सोल्डर करा. ब्रशच्या ठिणग्यांमुळे रंगाच्या सेन्सरची वाचनं कंट्रोलरला नेणारी आयस्क्वेअरसी लाइन अडकते, तो त्रास यानं बराच कमी होतो. ती लाइन ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि मोटरच्या वायरीपासून लांब न्या.

ब्रेडबोर्ड टेबलावरच्या प्रयोगापुरता ठीक. थरथरणाऱ्या फ्रेमवर जंपर वायरी एकेक करून सुटतात आणि कोणती सुटली ते डोळ्यांना दिसत नाही. सर्किट जमलं की परफबोर्डवर (भोकांच्या पाटीवर) सोल्डर करा, बाहेर जाणाऱ्या वायरींना स्क्रू टर्मिनल आणि टोकांना फेरूल, म्हणजे धातूची टोपी. सर्व्हो आणि मोटरसाठी ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर. वायरीच्या दोन्ही टोकांना सारखंच लेबल.

प्रोग्रॅम

१९६८ मध्ये जनरल मोटर्सनं रिलेंच्या कपाटांना पर्याय मागितला आणि त्यातून मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा, प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर आला. तेव्हापासून पीएलसीचा क्रम तोच आहे: सगळे इनपुट वाच, काय करायचं ते ठरव, सगळे आउटपुट लिही, पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या आर्डुइनोवरही हाच क्रम ठेवा. एकही डिले, म्हणजे प्रोग्रॅमला नुसतं थांबवून ठेवणारी आज्ञा, नको. अर्ध्या सेकंदाच्या डिलेमध्ये अख्खा ठोकळा किरणासमोरून निघून जातो आणि प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही. वेळ मोजायची तर आताची मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) वजा सुरू केल्याची मिलिस, अशी वजाबाकी करा. चिन्ह नसलेल्या संख्येत ही वजाबाकी ४९.७ दिवसांनी मिलिस शून्यावर आली तरी बरोबर येते.

स्पंदांचा सेन्सर इंटरप्टच्या (चालू काम मध्येच थांबवून दखल घ्यायला लावणाऱ्या) पिनला, म्हणजे उनोवर २ किंवा ३ ला. मोजणीचा व्हेरिएबल व्होलाटाइल, म्हणजे दर वेळी मेमरीतून नव्यानं वाचला जाणारा. आणि तो वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून त्याची प्रत काढून घ्या. कंट्रोलर ८ बिटचा आहे, १६ बिटचा आकडा तो दोन घासांत वाचतो. मध्येच स्पंद आला तर अर्धा जुना आणि अर्धा नवा असा भलताच आकडा हाती येतो. दिवसातून एखाद्या वेळीच होतं, म्हणून सापडत नाही.

यंत्राच्या अवस्था मोजक्या ठेवा: थांबलेलं, चालू, अडकलेलं, आणीबाणी. वीज आल्यावर, रीसेटनंतर, वॉचडॉगनं (अडकलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरनं) उठवल्यावर, कायम थांबलेलं. सुरू होणार ते फक्त हिरव्या बटणानं. सर्व्होला अटॅच करायच्या आधीच त्याला पट्ट्याबाहेर मिटलेल्या फाटकाचा कोन लिहून द्या, नाहीतर सुरू होताना तो मधल्या कोनाला उडी मारतो.

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. प्रत्येक खोक्याच्या तोंडाशी आणखी एक किरण लावा. फाटक हलवलं म्हणून मोजणी वाढवायची नाही. खोक्याचा किरण तुटला की वाढवायची. फाटक आडवं आल्यापासून पट्टा ३५ स्पंद, म्हणजे ११० मिलिमीटर सरकेपर्यंत खोक्याचा किरण तुटला नाही तर तो ठोकळा हुकला अशी नोंद करा, कोणत्या फाटकावर तेही लिहा. सलग दोन हुकले तर पट्टा थांबवा, लाल दिवा लावा आणि डिस्प्लेवर "फाटक २" एवढंच दाखवा. यासाठी लागतात दोन एलईडी, दोन रिसीव्हर आणि वीस-पंचवीस ओळी.

आणीबाणीच्या लाल बटणाला दोन संपर्क घ्या, दोन्ही नेहमी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे. एक संपर्क मोटर आणि सर्व्होंची वीज थेट तोडतो, प्रोग्रॅमला न विचारता. दुसरा कंट्रोलरला कळवतो: पिनला पुलअप (एरवी हायकडे ओढून धरणारा रेझिस्टर), बटणातून ग्राउंड. बटण दाबलं किंवा वायर तुटली, दोन्ही वेळा पिन हाय होते आणि यंत्र थांबतं. नेहमी तुटलेला संपर्क वापरला तर वायर तुटल्याचं कळतं ते बटण दाबूनही यंत्र थांबत नाही तेव्हा. मेन्सच्या टर्मिनलवर झाकण आणि फ्रेमला अर्थिंग, यांत सूट नाही.

तीनशे ठोकळे

दहा ठोकळे टाकले, दहाही बरोबर पडले, झाली चाचणी? संख्याशास्त्रातला एक सोपा नियम आहे: सलग एवढ्या प्रयत्नांत एकही चूक झाली नाही, तर ९५ टक्के खात्रीनं इतकंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण ३ भागिले प्रयत्न यापेक्षा कमी आहे. दहा ठोकळ्यांवरून कळतं की चुका ३० टक्क्यांच्या आत आहेत. शंभरांवरून ३ टक्के. १ टक्का म्हणायचं तर तीनशे ठोकळे बिनचूक पडायला हवेत, आणि मिनिटाला २० च्या हिशोबानं ते पंधरा मिनिटांचं काम आहे.

तीनशे टाका, पण सगळे नीट ठेवून नको. वीस-तीस तिरके, दहा जोड्या चिकटलेल्या, काही मळलेले, काही काळे. जोड्या आणि काळे टोकाच्या खोक्यात गेले तर तेच बरोबर. यंत्रापासून सिरीयल पोर्टवर प्रत्येक ठोकळ्याची एक ओळ काढा: क्रमांक, किरण किती वेळ तुटला, तीन गुणोत्तरं, ठरवलेला रंग, कुठल्या खोक्यात पोचला. या ओळी स्प्रेडशीटमध्ये टाकून रंगाची गुणोत्तरं आलेखावर मांडली की लाल आणि नारिंगी कुठे एकमेकांत घुसतात ते स्वच्छ दिसतं, आणि सीमा अंदाजानं ठरवावी लागत नाही. चूक सापडली की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा तीनशे.

हे पहिल्यांदा कराल तेव्हा तीनशेपैकी वीस-पंचवीस चुकले तर घाबरू नका. त्या ओळी खोक्यानुसार, मग रंगानुसार, मग वेळेनुसार लावून बघा. सगळ्या चुका एकाच फाटकावर असतील तर यांत्रिक भाग बघा. एकाच रंगाच्या असतील तर सेन्सर. चाचणीच्या शेवटच्या पाच मिनिटांतच असतील तर काहीतरी तापतंय किंवा सैल होतंय: आधी मॉसफेट, मग कपलरचा ग्रब स्क्रू.

परीक्षकांसमोर नेताना डब्यात एक जादा सर्व्हो, एक मोटर, प्रोग्रॅम भरून ठेवलेला दुसरा कंट्रोलर, फ्यूज, ॲलन की आणि तीच इलेक्ट्रिकल टेप असू द्या. खोलीतला उजेड वेगळा असेल, म्हणून पांढरा आणि काळा ठोकळा दाखवून रंग पुन्हा जुळवायला एक बटण ठेवा. आणि त्यांच्यापैकी कुणी मुद्दाम फाटकात बोट घालून ठोकळा अडवला तर अडवू द्या. लाल दिवा लागतो का, तेच त्यांना बघायचं असतं.